शेकर हाइट्स

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कायाहोगा काउंटीमधील एक सधन निवासी शहर. क्लीव्हलँडच्या पूर्व सीमेला ते चिकटून आहे. क्षेत्रफळ सुमारे १६ चौ. किमी.; लोकसंख्या २९,४३९ (२०२०). कारखाने नाहीत, बाजारपेठा मोजक्या आणि त्याही बहुतेक रेल्वेच्या थांब्यांजवळ. येथे आधी खरेदीखतातल्या अटी लिहिल्या गेल्या आणि मग घरे उभी राहिली. गावाचे देखणेपण आणि त्याची बदनामी, दोन्ही त्या अटींतूनच आली.

नाव शेकर या ख्रिस्ती पंथाचे. या पंथीयांनी १८२२ मध्ये येथे नॉर्थ युनियन नावाची वसाहत थाटली. डोन ब्रुक हा ओढा दोन ठिकाणी मातीचे बांध घालून अडवला आणि त्या पाण्यावर गिरण्या चालवल्या. खालचा तलाव १८२६ चा, हॉर्सशू तलाव १८५२ चा. ब्रह्मचर्य हा पंथाचा नियम असल्याने वसाहत नव्या अनुयायांवरच टिकून होती. ते येईनासे झाले तशी ती म्हातारी होत गेली आणि १८८९ मध्ये मोडली. साधेपणाने राहणाऱ्या या लोकांचे फक्त नावच पुढच्या गावाने उचलले.

ओरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंजन या जमीन-व्यावसायिक भावांनी १९०५ च्या सुमारास ही जमीन हाती घ्यायला सुरुवात केली. १९१२ मध्ये ग्राम आणि १९३१ मध्ये शहर असा दर्जा मिळाला. जमीन उंचावर होती, हवा चांगली होती, पण क्लीव्हलँडमधल्या कचेऱ्या लांब. ट्राममधून रखडत जाणारा साहेब येथे महागडे घर घेणार नाही, हे भावांनी ओळखले होते. क्लीव्हलँडच्या मध्यापर्यंत स्वतःचे रूळ नेण्यासाठी जागेची पट्टी हवी होती. ती मिळावी म्हणून त्यांनी १९१६ मध्ये निकेल प्लेट ही रेल्वे कंपनीच विकत घेतली. ११ एप्रिल १९२० रोजी जलद गाडी सुरू झाली. गावात तिचे दोन फाटे होतात आणि दोन्ही रुंद रस्त्यांच्या मधल्या हिरव्या पट्ट्यातून धावतात. महामंदीत भावांचे साम्राज्य कोसळले. गाडी मात्र चालू राहिली: १९४४ मध्ये ती शेकर हाइट्सने विकत घेतली आणि १९७५ मध्ये प्रादेशिक परिवहन संस्थेकडे सोपवली.

जमीन विकणाऱ्या भावांच्या कंपनीच्या अटी बारीक होत्या. आराखडा शिकलेल्या वास्तुविशारदाचाच हवा आणि बांधकामाआधी तो कंपनीकडून मंजूर करून घ्यायचा. शैली तीनच: इंग्लिश, फ्रेंच किंवा कलोनियल. एकासारखे दुसरे घर नको. रंग शैलीला साजेसे. गाडीखाना घरामागे, रस्त्यावरून डोळ्यांत न येणारा. रस्ते मुद्दाम वळणदार, आणि वस्त्यांची आखणी प्राथमिक शाळांभोवती. त्यामुळे फर्नवे, लोमंड, लडलो, मर्सर ही मूळची शाळांची नावे आजही वस्त्यांना चालतात, शाळा बंद झाली असली तरी. गावातल्या चार प्राथमिक शाळा १९८७ मध्ये बंद झाल्या. मोरलँड शाळेच्या इमारतीत आता गावाचे मुख्य ग्रंथालय आहे.

या अटींचा सगळ्यात गमतीचा नमुना म्हणजे जोडघरे. एका इमारतीत दोन बिऱ्हाडे, पण रस्त्याकडे दरवाजा एकच दिसला पाहिजे. म्हणून दर्शनी दारातून आत गेल्यावर वाटा फुटतात: एक खालच्या बिऱ्हाडाकडे, दुसरी जिन्याने वर. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकाच कुटुंबाचे ऐसपैस घर वाटते. भाडेकरू चालत होते, भाडेकरूचे घर दिसायला नको होते. अशी घरे प्रामुख्याने रुळांच्या कडेने आणि गावाच्या सीमांवर आढळतात.

अटींची दुसरी बाजू कुरूप होती. १९२५ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरावर हल्ले झाले. त्यानंतर कंपनीने खरेदीखतांत नवे कलम आणले: घर पुन्हा विकायचे तर कंपनीची किंवा शेजाऱ्यांची संमती घ्यावी लागे. कलमात कोणत्याही वंशाचे नाव नव्हते, पण कृष्णवर्णीयांना, ज्यूंना आणि बऱ्याचदा कॅथलिकांना त्यानेच बाहेर ठेवले. वंशावरून घर नाकारणारी कलमे न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला.

जानेवारी १९५६ मध्ये लडलो भागात एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घराचा गाडीखाना बाँबने उडवण्यात आला. पुढच्याच वर्षी तेथील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रहिवाशांनी मिळून लडलो कम्युनिटी असोसिएशन स्थापन केली. गोऱ्यांना भाव पडण्याची भीती घालून घरे विकायला लावणारे दलाल आणि मिश्र वस्तीत कर्ज द्यायला कचरणाऱ्या बँका, अशी तिची दुहेरी अडचण होती. संस्थेने स्वतःच गिऱ्हाइके शोधली आणि सुरुवातीच्या रकमेसाठी दुय्यम कर्जे दिली. पुढे शहरानेही हे धोरण उचलले. मात्र वस्तीतले प्रमाण टिकवण्यासाठी ठरावीक भागात ठरावीक वंशाच्या गिऱ्हाइकालाच मदत मिळे, यावर टीका झाली आणि ती रास्त होती. आज सुमारे एक तृतीयांश रहिवासी कृष्णवर्णीय आहेत.

श्रीमंत गावाचा खरा खर्च घर घेतल्यानंतर सुरू होतो. येथील घरपट्टी ओहायोत सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे आणि तिचा मोठा वाटा शाळांना जातो. बाजारभावाच्या ३५ टक्के रक्कम करपात्र धरतात. कराचा दर ‘मिल’मध्ये मोजतात: करपात्र रकमेच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. १९७६ च्या राज्य कायद्यामुळे घरांचे भाव चढले की मतदारांनी मंजूर केलेल्या बहुतेक करांचा प्रत्यक्ष दर आपोआप उतरतो. म्हणजे महागाई वाढते, पण उत्पन्न जवळपास तिथेच राहते. म्हणून शाळा मंडळाला काही वर्षांनी पुन्हा मतदारांपुढे जाऊन नवा कर मागावा लागतो. कारखाने नसल्याने सारा भार घरांवर. त्यात १९२० च्या दशकातल्या घरांची डागडुजी. पाटीच्या दगडाचे छप्पर पाऊणशे-शंभर वर्षे टिकते. आधी दगा देतात ते खिळे आणि दोन उतारांच्या सांध्यातले पत्रे. अननुभवी माणूस वर चालला तर एका गळतीच्या चार होतात. घर विकण्याआधी नगरपालिकेची तपासणी, आणि दोष राहिले तर दुरुस्तीच्या अंदाजित खर्चाच्या दीडपट रक्कम अनामत, अशी पद्धत येथे वर्षानुवर्षे होती. कचऱ्याचे डबेसुद्धा रस्त्यावर दिसू नयेत म्हणून कित्येक दशके कर्मचारी लहान तीनचाकी गाड्या घेऊन परसदारी जात आणि कचरा आणून मोठ्या गाडीत टाकत.

१९६० च्या दशकात काउंटीने तलावांच्या परिसरातून महामार्ग नेण्याचे ठरवले. काउंटीचे अभियंते आल्बर्ट पोर्टर यांनी त्या तलावाची ‘दोन दिडक्यांचे बदकांचे तळे’ अशी संभावना केली. गावातल्या बागप्रेमी स्त्रियांच्या मंडळांनी हा अपमान विसरू दिला नाही. १९६६ मध्ये त्या जागेवर निसर्ग केंद्र स्थापन झाले आणि १९७० मध्ये राज्यपालांनी बेत सोडला. तलावांची जमीन मात्र क्लीव्हलँड शहराच्या मालकीची. शेकर हाइट्स आणि शेजारचे क्लीव्हलँड हाइट्स यांच्याकडे ती भाडेपट्ट्याने आहे. पुढे हॉर्सशू तलावाचा १८५२ चा बांध धोकादायक ठरला आणि पाणी सोडून द्यावे लागले. सांडपाणी मंडळाने २०२१ मध्ये बांध पुन्हा न बांधता काढून टाकण्याची आणि ओढा मूळच्या वाटेने वाहू देण्याची शिफारस केली. महामार्ग अडवणाऱ्या गावात यावरून दोन तट पडले: एकाला तलाव परत हवा आहे, दुसऱ्याला ओढा.