रेवाचे दात का वाजतात?

रेवा ही आमची ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत धावणाऱ्या जातीची कुत्री. आमच्या घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी तिचे दात वाजायला लागले. मी तिला पट्टा बांधत होते आणि तिचा खालचा जबडा थरथरत होता, कड-कड-कड असा बारीक आवाज येत होता. लातूरहून आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. "अगं, थंडी भरलीय तिला, काहीतरी पांघरूण घाल." पण मेलबर्नला तेव्हा जानेवारी होता, म्हणजे भर उन्हाळा. शेपूट हलत होती, कान सैल होते, नजर पट्ट्यावर होती. रेवा खूश होती. फिरायला जायचंय हे तिला कळलं होतं.

ग्रेहाउंडला आनंद आवरेनासा झाला की दात असे वाजतात. मात्र खाताना वाजत असतील, किंवा कुत्रा तोंडाला हात लावू देत नसेल, तर पशुवैद्याला दाखवा. शर्यतीतून आलेल्या कुत्र्यांचे दात आणि हिरड्या बऱ्याचदा खराब असतात.

रेवा चार वर्षांची, निवृत्त धावपटू. अशा कुत्र्याचं बालपण आणि तारुण्य शर्यतीच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या जागेत जातं. तिथे जिना नसतो, काचेचं दार नसतं, गुळगुळीत फरशी नसते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात ती आमच्या जिन्याखाली उभी राहून नुसती वर बघायची. तिला पायऱ्या शिकवायला आम्ही दोघं लागलो: एकाने पुढचा पंजा उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा, दुसऱ्याने मागून आधार द्यायचा. काचेच्या दाराला मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, नाहीतर ती सरळ जाऊन आपटली असती.

रस्त्यात अचानक पुतळ्यासारखं थांबणं हाही याच गोष्टीचा भाग. नवे मालक याला हट्ट समजतात आणि पट्टा ओढतात. कृपा करून ओढू नका. ट्राम, कचऱ्याची गाडी, लहान मुलं, सगळं एकदम अंगावर आलं की ती गोठून जाते. दोन मिनिटं थांबा, मग थोडी दिशा बदलून चाला. रेवा बहुतेक वेळा निघते.

झोपेचं मात्र नीट समजून घ्यायलाच हवं. बरेच ग्रेहाउंड डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात. आतल्या कोपऱ्यातून तिसऱ्या पापणीचा फिका पडदा बुबुळावर ओढला जातो, पण लांबून कुत्रा जागा वाटतो. आपण प्रेमाने पाठीवरून हात फिरवायला जातो आणि तो दचकून गुरगुरतो, कधी तोंडही टाकतो. केनेलमध्ये प्रत्येक कुत्रा आपापल्या कप्प्यात झोपतो, झोपेत त्याला कोणी हात लावत नाही. तो रागीट आहे म्हणून असं होत नाही, पण घरात लहान मूल असेल तर धोका खराच. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी दारातच सांगते, आधी हाक मारा, ती मान वर करेल, मगच जवळ जा.

पुढे घर अंगवळणी पडलं की काही जण पाठीवर उताणे पडून चारी पाय हवेत सोडतात. इंग्रजी बोलणारे मालक याला 'रोचिंग' म्हणतात, मेलेल्या झुरळावरून. रेवाला त्यासाठी पाच महिने लागले.

बाकीच्या गोष्टींचं उत्तर शरीरात आहे. मांड्यांचे स्नायू इतके भरीव की कित्येकांना इतर कुत्र्यांसारखं बसणं अवघड वाटतं, ते उभे तरी राहतात नाहीतर आडवे होतात. अंगावर चरबी नाममात्र, कातडी पातळ, केस आखूड, म्हणून मेलबर्नच्या जुलैत रेवाला खरोखरच कोट लागतो. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर जातींपेक्षा जास्त असतं, हे माहीत नसेल तर तपासणीचा अहवाल बघून उगाच भीती वाटते.

पाठलागाची ओढ मात्र सगळ्यांत सारखी नसते. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात २०१८ संपेपर्यंत पाळीव ग्रेहाउंडलाही रस्त्यावर मुसकं सक्तीचं होतं, आता नाही. पट्टा मात्र हवाच, आणि मला ते पटतं. आपल्या मराठवाड्यातला कारवानी कुत्रा याच धाटणीचा, नजरेने शिकार हेरून झेपावणारा. लांबवर मांजर हललं की हाक ऐकायला कानच उरत नाहीत, आणि ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्याला आपण काय गाठणार?

परसात तिला मोकळं सोडते तेव्हा मी पायांकडे बघत राहते. एका झेपेत चारी पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग आक्रसलेलं असताना, एकदा पूर्ण ताणलेलं असताना. दोन चकरा, फार तर तीन. मग ती धापा टाकत आत येते आणि दुपारपर्यंत सोफ्यावरून हलत नाही.