फांद्या-शेंड्यांवर तापणारं शहर

दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलंड प्रांतात व्हेक्शो नावाचं शहर आहे. नगरपालिकेच्या हद्दीतली वस्ती लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. त्याची ऊर्जेची गोष्ट सांगायची तर आधी तळ्यापाशी जावं लागतं. शहराला लागून असलेलं त्रुम्मेन तळं सांडपाण्याने नासलं होतं. 1970च्या सुमारास नगरपालिकेने तळाचा गाळ उपसला आणि पाणी निवळलं. पर्यावरणावर केलेला खर्च डोळ्यांना दिसतो, हे लोकांना तिथे पटलं.

त्याच दशकात घरं तापवायची सामायिक व्यवस्था उभी राहिली. एका ठिकाणी पाणी तापवायचं, रस्त्याखालच्या नळांतून घरोघर न्यायचं, थंड झालं की परत आणून पुन्हा तापवायचं. बॉयलर अर्थातच खनिज तेलावर चाले. मग 1973 आणि 1979 साली तेलाचे भाव भडकले. भोवती मात्र मैलोगणती जंगल, आणि लाकूडतोडीनंतर तिथेच पडून राहणाऱ्या फांद्या नि शेंडे. स्वीडिश लोक त्यांना 'ग्रूट' म्हणतात. 1980 साली शहरातल्या सांडव्हिक या उष्णता केंद्रात तेलाऐवजी लाकडाचा चुरा जळू लागला. घरं तापवण्यासाठी असं करणारं ते स्वीडनमधलं पहिलं शहर.

मला या सगळ्या इतिहासात हेच वळण सर्वांत मोलाचं वाटतं. नळ तेच, घरातले ऊब देणारे रेडिएटर तेच. बदललं ते फक्त भट्टीतलं जळण, आणि हजारो घरं तेलावरून उतरू लागली. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवणारे साखर कारखाने पाहिलेल्यांना यातली युक्ती लगेच कळेल. फरक एवढाच की व्हेक्शोतली उष्णता पुरवणारी कंपनी नगरपालिकेच्या मालकीची. राखही वाया जात नाही, ती परत जंगलात टाकतात.

1991 साली स्वीडनने कार्बन कर, म्हणजे खनिज इंधनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर, लावला आणि तेल आणखी महाग पडू लागलं. 1996 साली नगरपालिकेतल्या सगळ्या पक्षांनी एकमताने खनिज इंधनमुक्त होण्याचा ठराव केला. एकमत होतं म्हणून सत्ता बदलली तरी धोरण टिकलं. पुढच्याच वर्षी सांडव्हिकचं नवं युनिट लाकडावर उष्णतेसोबत वीजही बनवू लागलं.

घरं तापवण्यातलं तेल जवळपास संपलं. उरला तो मुख्यतः गाड्यांचा धूर, आणि तो कमी करणं फार जड गेलं. तिथे प्रत्येक टाकीचा मालक वेगळा. एक भट्टी बदलून भागत नाही.