भुलीनंतरची अंगदुखी आणि दुर्बिणीनंतरची खांदेदुखी

पित्ताशयाचे खडे दुर्बिणीतून काढून कोथरूडला घरी गेलेला पेशंट दुसऱ्या दिवशी फोन करतो. ऑपरेशन पोटाचं झालं, मग खांदा का दुखतोय? मान-पाठही आखडलीये. घरच्यांना वाटतं, टेबलावर अवघडून झोपवलं असणार. पण अनेकदा ही दोन वेगळी दुखणी असतात.

एक स्नायूंचं. श्वासनलिकेत नळी पटकन घालायची असेल, विशेषतः पोट रिकामं नसताना, तर भूलतज्ज्ञ सक्सिनिलकोलीन देतात. थिएटरमध्ये त्याला स्कोलीनच म्हणतात. मिनिटभरात स्नायू सैल पडतात, पण त्याआधी ते आकुंचन पावतात आणि त्वचेखाली थरथर दिसते. मग दुसऱ्या दिवशी अंग असं ठणकतं, जणू सवय नसताना सिंहगड चढून आलोय. मान, खांदे, पाठ हलवली किंवा दाबली की दुखतं. तरुणांना आणि त्याच दिवशी हिंडूफिरू लागणाऱ्यांना हा त्रास अधिक. थरथर कमी दिसली म्हणून दुखणार नाही, असं मात्र नसतं.

दुसरं दुखणं गॅसचं. पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, उरतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या संवेदनाही तिथेच पोचतात, म्हणून कळ खांद्यात जाणवते. बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते. स्कोलीन दिलेलंच नसलं तरी होते.

गॅसची कळ टाळणं सर्जनच्या हातात जास्त: दाब कमी ठेवायचा आणि शेवटी उरलेला गॅस नीट बाहेर काढायचा. स्नायूंच्या दुखण्यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे, जमेल तिथे स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम हे स्नायू सैल करणारं दुसरं औषध. त्याने थरथर होत नाही आणि सुगामाडेक्स हा उताराही आता मिळतो. स्कोलीन द्यावंच लागलं तर आधी शिरेतून लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध किंवा सूज उतरवणारं वेदनाशामक दिल्याने त्रास कमी होतो. रोक्युरोनियमचा अगदी छोटा डोस काही मिनिटं आधी देण्याची पद्धतही आहे, पण त्याने जाग्या पेशंटला दोन-दोन दिसणं, गिळायला जड जाणं असं होऊ शकतं. म्हणून मी लिग्नोकेनकडे झुकतो.

हे सगळं भूल देण्याआधी ठरतं. म्हणून तपासणीच्या वेळीच सांगा: मागच्या ऑपरेशननंतर अंग दुखलं होतं का, घरात कुणाला भुलीत भयंकर ताप चढला होता का. साधी अंगदुखी दोन-तीन दिवसांत ओसरते. लघवी काळ्या चहासारखी झाली, छातीत दुखून दम लागला किंवा एकच पोटरी सुजली, तर वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.