आपल्यातला की आपला? अमेरिकेतले ख्रिस्ती मतदार आणि त्यांचे नेते

जानेवारी २०१६. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी, लिबर्टी विद्यापीठात डोनाल्ड ट्रम्प भाषणाला उभे राहिले आणि बायबलमधलं एक वचन सांगताना ‘टू करिंथियन्स’ म्हणाले. सभागृहात हशा पिकला. अमेरिकेतल्या चर्चमध्ये त्या पत्राला ‘सेकंड करिंथियन्स’ म्हणतात. आपल्याकडे कुणी ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ म्हणायच्या जागी ‘दोन करिंथ’ म्हणावं, तसलाच प्रकार. चर्चमधल्या रविवारच्या बायबलच्या शाळेत चार वर्षं बसलेल्या पोरालाही कळावं की या गृहस्थांचा या पुस्तकाशी फारसा संबंध नाही. दहा महिन्यांनी निवडणूक झाली. मतदानोत्तर चाचणीनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८१ टक्क्यांनी त्यांनाच मत दिलं.

मराठीत नेत्याबद्दल बोलताना आपण दोन गोष्टी सहज वेगळ्या ठेवतो. ‘तो आपल्यातला आहे’ हे एक, आणि ‘तो आपला आहे’ हे दुसरं. आपल्यातला म्हणजे आपल्या पंगतीला बसलेला, आपल्या प्रार्थना पाठ असलेला. आपला म्हणजे वेळेला आपल्या बाजूने उभा राहणारा, मग तो कुठल्या का घरचा असेना. अमेरिकेतला ख्रिस्ती मतदार सव्वादोनशे वर्षं या दोहोंत निवड करत आलाय, आणि दर वेळी आपण मूल्यांवरच मत देतोय असं मनापासून म्हणत आलाय.

इथे एक खुलासा हवा. ‘ख्रिस्ती मतदार’ असा एक गठ्ठा तिथे नाही. कॅथलिक मतं कधी इकडे, कधी तिकडे जातात. कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट बायबलला तितकंच घट्ट धरून असतात, पण मोठ्या बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. १९६०च्या दशकातली नागरी हक्कांची चळवळ त्यांच्याच चर्चमधून उभी राहिली होती. वाद चालतो तो बहुतेक गोऱ्या इव्हँजेलिकलांबद्दल: बायबलचा शब्द अंतिम, येशूवरच्या विश्वासाने माणसाचा नवा जन्म होतो, आणि सुवार्ता सांगणं हे प्रत्येकाचं काम, असं मानणाऱ्यांबद्दल.

हा शब्द मराठी ख्रिस्ती घरांना परका नाही. १८१३ साली मुंबईत आणि १८३१पासून अहमदनगरला काम करणारं अमेरिकन मराठी मिशन अशाच प्रेरणेतून आलं होतं. पण त्याच्या मागे असलेली न्यू इंग्लंडमधली काँग्रिगेशनल मंडळी पुढे १९५७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथात सामील झाली, आणि तो पंथ आज अमेरिकेतल्या सर्वांत उदारमतवादी पंथांपैकी एक आहे. बराक ओबामा शिकागोत याच पंथाच्या चर्चचे सभासद होते. म्हणजे नगरकडच्या मिशनच्या घराचं अमेरिकेतलं आजोळ शोधत गेलं, तर ते लिबर्टी विद्यापीठाच्या नव्हे, ओबामांच्या चर्चच्या दाराशी निघतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण गोष्ट एका चीजपासून सुरू होते.

१८००च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन यांच्यावर न्यू इंग्लंडच्या पाळकांनी नास्तिकतेचा आरोप केला होता. तो अगदीच हवेतला नव्हता. याच जेफरसननी पुढे बायबल कापून, चमत्कार वगळून, येशूची फक्त शिकवण चिकटवलेली स्वतःची प्रत तयार केली. तरीही मॅसेच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचे ते लाडके होते. तिथल्या बायाबापड्यांनी गावभरच्या गाईंचं दूध गोळा करून १,२३५ पौंडांचं, म्हणजे सुमारे ५६० किलोंचं एक अजस्र चीज बनवलं. विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या गाईचं दूध त्यात घेतलं नाही, असं गमतीने सांगतात. जॉन लेलँड हे पाळक ते घेऊन वॉशिंग्टनला पोचले आणि १ जानेवारी १८०२ रोजी ते राष्ट्राध्यक्षांच्या दारात उतरलं. एकाही गुलामाचा हात न लागता हे झालंय, हे त्यांनी गुलाम बाळगणाऱ्या जेफरसनना आवर्जून सांगितलं.

एवढं प्रेम कशासाठी? त्या काळी मॅसेच्युसेट्स आणि कनेटिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्च कराच्या पैशावर चालायचं, आणि बॅप्टिस्टांना त्या करातून सुटायला खेटे घालावे लागायचे. सरकारने धर्मात हात घालू नये एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मान्य असणारा माणूस जेफरसन होता. चीज आलं त्याच दिवशी जेफरसननी कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहिलं. चर्च आणि सरकार यांच्यामधल्या ‘भिंती’चा सुप्रसिद्ध उल्लेख त्यातच आहे. जेफरसन बॅप्टिस्टांतले मुळीच नव्हते. बॅप्टिस्टांचे मात्र होते.

पुढची भिंत कॅथलिकांसमोर उभी राहिली. १९२८ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ उभे राहिले तेव्हा कॅथलिक राष्ट्राध्यक्ष पोपचं ऐकणार, या भीतीने दक्षिणेतली अनेक प्रॉटेस्टंट मतं फुटली आणि टेक्सास, व्हर्जिनियासारखी राज्यं डेमोक्रॅटांच्या हातून गेली. १२ सप्टेंबर १९६० रोजी जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये सुमारे तीनशे प्रॉटेस्टंट पाळकांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे. माझा धर्म माझ्या कामात आणणार नाही, असं त्यांनी वचन दिलं. वीसेक वर्षांनी त्याच गटातले मतदार उमेदवाराकडे नेमकं उलटं वचन मागू लागतील, हे त्या सभागृहात कुणाला पटलं नसतं.

१९७६ साली मात्र खराखुरा ‘आपल्यातला’ मिळाला. जॉर्जियातल्या प्लेन्स या खेड्यातले शेंगदाण्याचे शेतकरी जिमी कार्टर सदर्न बॅप्टिस्ट होते, रविवारच्या शाळेत शिकवायचे आणि ‘माझा नवा जन्म झालाय’ असं पत्रकारांना सरळ सांगायचे. पत्रकारांना या शब्दांचा अर्थ शोधावा लागला. ‘न्यूजवीक’ने त्या वर्षाला इव्हँजेलिकलांचं वर्ष म्हटलं. चारच वर्षांत याच मतदारांचा मोठा भाग कार्टरना सोडून गेला.

का, याचं सोपं उत्तर ‘गर्भपात’ असं दिलं जातं. १९७३च्या रो विरुद्ध वेड निकालाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळालं आणि ख्रिस्ती लोक खवळून उठले, अशी ती कथा. कॅथलिकांपुरती ती बरीच खरी आहे. पण सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या देशातल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने १९७१ साली सेंट लुइसच्या अधिवेशनात ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक, भावनिक आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. रो निकालानंतरही हाच सूर काही वर्षं टिकला.

दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरल्यावर दक्षिणेत गोऱ्यांसाठीच्या खाजगी ख्रिस्ती शाळा भराभर निघाल्या. भेदभाव करणाऱ्या अशा संस्थांना करसवलत नाही, असं १९७१मध्ये न्यायालयाने ठरवलं. दक्षिण कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठात काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांना एकमेकांबरोबर फिरायलाही बंदी होती. १९७६मध्ये त्याची करसवलत काढून घेतली गेली. हे घडलं कार्टर यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या कारकिर्दीत. पण १९७८मध्ये कर खात्याने अशा शाळांसाठी कडक नियम सुचवले तेव्हा खुर्चीत कार्टर होते, म्हणून राग त्यांच्यावर निघाला. ‘मोरल मेजॉरिटी’ या ख्रिस्ती राजकीय संघटनेची जुळवाजुळव करणारे पॉल वेरिक पुढे उघड सांगायचे की पाळकांना जाग आली ती या करप्रकरणाने. इतिहासकारांत यावर वाद आहे, आणि गर्भपाताविरुद्धचा रोष खोटा होता असं कुणी म्हणू नये. तरी मला वाटतं, ‘मूल्यांची यादी’ स्वर्गातून लिहून आली नव्हती, ती १९७०च्या दशकात बसून तयार झाली, एवढं यातून दिसतं.

ती यादी हातात धरणारा माणूसही बदललेला होता. जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकांनी १९६५मध्ये नागरी हक्कांच्या मोर्च्यांत उतरणाऱ्या पाळकांना सुनावलं होतं की पाळकाचं काम आत्मे जिंकणं, राजकारण नव्हे. १९७९मध्ये त्यांनीच मोरल मेजॉरिटी स्थापन केली. (ट्रम्प जिथे अडखळले ते लिबर्टी विद्यापीठही त्यांचंच.)

ऑगस्ट १९८०मध्ये डॅलसला हजारो पाळक आणि कार्यकर्ते जमले होते. करसवलत असलेल्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करता येत नसे, १९५४पासून तसा नियम होता. रोनाल्ड रेगन व्यासपीठावरून म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. टाळ्यांचा कडकडाट. रेगन घटस्फोटित होते, हॉलिवूडचे नट होते, चर्चला नियमाने जाणारे नव्हते. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७मध्ये गर्भपाताचे निर्बंध सैल करणारा आणि १९६९मध्ये घटस्फोट सोपा करणारा कायदा त्यांच्याच सहीने झाला होता. समोर दुसरा उमेदवार कोण? दर रविवारी बायबल शिकवणारा. पाळकांनी नटाला निवडलं.

१९८९मध्ये निघालेल्या ख्रिश्चन कोएलिशन या संघटनेने हे काम घरोघर पोचवलं. निवडणुकीच्या आदल्या रविवारी उपासना सुटली की चर्चच्या दाराशी एक कागद हातात पडायचा: डावीकडे मुद्दे, उजवीकडे उमेदवारांची ‘समर्थन’ किंवा ‘विरोध’ अशी उत्तरं. त्यात गर्भपात असायचा, समलिंगींचे हक्क असायचे आणि आयकर वाढवण्याचा प्रश्नही असायचा. हे शेवटचं मूल्य कुठल्या अध्यायातून आलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मग बिल क्लिंटन आले, तेही सदर्न बॅप्टिस्टच. मोनिका लेविन्स्की प्रकरण गाजत असताना जून १९९८मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या अधिवेशनात कन्व्हेन्शनने लोकप्रतिनिधींच्या चारित्र्यावर ठराव केला. नेत्यांची गंभीर दुष्कृत्यं खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी करपते आणि त्याचा शेवट देवाच्या न्यायदंडात होतो, असा त्याचा आशय. तो ठराव आजही त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतो.

२०११मध्ये पीआरआरआय या संस्थेने विचारलं: खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. ७२ टक्के ‘हो’ म्हणाले. बायबल तेच, मंडळी बहुतेक तीच, मध्ये गेलेली वर्षं पाच. त्याच ऑक्टोबरात बायकांबद्दल गलिच्छ बढाया मारणारी ट्रम्प यांची ध्वनिफीत बाहेर आली होती.

याला धर्मशास्त्रातून आधार शोधला गेला तो कोरेशाचा. यशयाच्या ४५व्या अध्यायात देव इस्राएलाबाहेरच्या कोरेश या पर्शियन राजाला ‘अभिषिक्त’ म्हणतो आणि त्याच्या हातून आपल्या लोकांची सुटका करवतो. अध्याय ४५वा, ट्रम्पही ४५वे राष्ट्राध्यक्ष, हा योगायोग व्यासपीठांवरून फार मिरवला गेला. या युक्तिवादात एक प्रामाणिकपणा आहे, तो नाकारू नये. नेता आपली मूल्यं जगतो असा दावाच त्यात नाही. तो आपल्यातला नाही हे आधीच कबूल करून टाकलंय.

आणि काम झालंही. मे २०१६मध्ये ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयासाठीच्या संभाव्य नावांची यादी निवडणुकीआधीच जाहीर केली होती. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी तीन न्यायमूर्ती नेमले आणि २४ जून २०२२ रोजी रो निकाल रद्द झाला. आतून विरोध झाला नाही असं नाही. डिसेंबर २०१९मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या, प्रसिद्ध इव्हँजेलिकल प्रवचनकार बिली ग्रॅहम यांनी सुरू केलेल्या मासिकाने ट्रम्प यांना पदावरून दूर करावं असा अग्रलेख लिहिला. स्वतः ग्रॅहम एकेकाळी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या फार जवळ गेले होते. म्हातारपणी ते म्हणाले की पुन्हा संधी मिळाली तर राजकारणापासून लांब राहीन. मतांच्या टक्केवारीवर यातल्या कशाचाच फारसा परिणाम झाला नाही.

२०२४मध्ये गंमत उलटी झाली. जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करण्यातल्या नैतिक प्रश्नांवर सावधगिरीचा ठराव केला. जुलैमध्ये रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची अनेक दशकांची मागणी काढून टाकली, प्रश्न राज्यांवर सोपवला, आणि टेस्ट ट्यूब उपचारांना पाठिंबा लिहिला. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी हे उपचार फुकट करण्याचं आश्वासन दिलं. चीजवाल्या बॅप्टिस्टांनी नेत्याकडून आपली मागणी मान्य करून घेतली होती. इथे नेत्याने मागणीच खोडली. नोव्हेंबरात दहापैकी सुमारे आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी पुन्हा त्यांनाच मत दिलं.

त्या निवडणुकीतल्या बॅप्टिस्ट उमेदवार होत्या कमला हॅरिस, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चच्या सभासद. ऑक्टोबरमध्ये प्लेन्समध्ये शंभरी पूर्ण केलेल्या जिमी कार्टर यांनी टपालाने मत दिलं. त्यांच्या नातवाने आधीच सांगितलं होतं की आजोबांना हॅरिस यांना मत देण्यापुरतं तरी जगायचंय. कार्टर यांनी सदर्न बॅप्टिस्टांशी संबंध २०००मध्येच तोडले होते. रविवारची शाळा मात्र नव्वदी उलटली तरी गावच्या मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये ते घेत राहिले, आणि त्यांचा धडा ऐकायला लोक उजाडायच्या आत गाड्या घेऊन रांग लावायचे.