मंगळावरचा डोंगर इतका उंच का?

मंगळ पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा. तरीही तिथला ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळपास अडीचपट. पायथ्याची रुंदी ६०० किलोमीटरच्या घरात. मुंबई-नागपूर हवाई अंतर याहून थोडेच जास्त भरेल.

दगड मात्र ओळखीचा आहे: बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग हिंद महासागरातल्या एका तप्त ठिकाणावरून सरकत होता. प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरातून, वर येणाऱ्या उष्णतेने खडक वितळला, लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत.

पण भूपट्ट, म्हणजे भारताला घेऊन सरकणारा कवचाचा तुकडा, थांबला नाही. शिवणयंत्राची सुई जागेवरच राहते आणि कापड पुढे जाते, तसे झाले. दख्खननंतरचे टाके म्हणजे लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस या बेटांच्या खालचा ज्वालामुखींचा माग, मग मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन बेट. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही लाव्हा ओकतो. (मॉरिशसला मराठी माणसे पोचली एकोणिसाव्या शतकात, आपला दगड त्या बेटाचा नातलग आधीपासूनच होता.)

मंगळावर असे सरकणारे भूपट्ट नाहीत. त्यामुळे लाव्हा कोट्यवधी वर्षे एकाच जागी साचत राहिला. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्केच आणि कवच थंड, जाड. एवढा भार त्याने पेलला. पृथ्वीवर हे जमले नसते. हवाई बेटांच्याच वजनाने खालचा सागरतळ वाकला आहे.

शुक्राचे कोडे मला यापेक्षा अवघड वाटते. आकाराने तो जवळजवळ पृथ्वीएवढा, पोटात उष्णताही भरपूर असणार. तरी पृथ्वीसारखे भूपट्ट तिथे दिसत नाहीत. मग ती उष्णता बाहेर पडते कशी? दाट ढगांमुळे साधा कॅमेरा इथे कुचकामी, रडारच हवे. नासाच्या मॅगेलन यानाने १९९१ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने टिपलेल्या रडार-प्रतिमा पुन्हा तपासल्यावर शुक्रावरच्या माट मॉन्स या ज्वालामुखीजवळच्या एका मुखाचा आकार बदललेला दिसला, म्हणजे तिथे ज्वालामुखी अजून जागे असावेत. हे जाहीर झाले २०२३ मध्ये, म्हणजे पुरावा तीस वर्षे संग्रहात पडून होता. इस्रोच्या शुक्रमोहिमेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि त्या यानावरही रडार असणार आहे.