चोक (छर्‍याच्या बंदुकीचा)

चोक : छर्‍याच्या बंदुकीची नळी तोंडापाशी आतून किंचित अरुंद केलेली असते. या अरुंद भागाला चोक म्हणतात. नळीबाहेर पडलेला छर्‍यांचा झोत लवकर फाकू नये आणि दूरच्या लक्ष्यावरही पुरेसे छर्रे पडावेत, हा त्याचा हेतू. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेतील रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीसाठी लहान बोअरच्या (अरुंद नळीच्या) बंदुकीला चोक व काडतूस कसे निवडतात, याला अधिक जागा दिली आहे. कारण चोकविषयीची जुनी गृहीतके अलीकडच्या काळात तेथे सर्वांत कसून तपासली गेली आहेत.

उगम : चोकचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. र्‍होड आयलंडमधील जेरेमाया स्मिथ यांना ही युक्ती १८२७ च्या सुमारास सापडली, असे काही जुन्या लेखनात म्हटले आहे. मात्र त्यांच्या कामाचा पुढे कोणावर परिणाम झालेला दिसत नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे बंदूककार विल्यम रॉचेस्टर पेप यांच्या १८६६ च्या पेटंटात नळीचे तोंड अरुंद करण्याचा उल्लेख आहे. मॅसॅचूसेट्सचे सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६८ मध्ये नळीच्या तोंडावर बसवायच्या सुट्या चोकचे अमेरिकन पेटंट घेतले. (वाफेवर चालणार्‍या आद्य दुचाकींपैकी एक बनवणारे रोपर ते हेच.) इलिनॉय राज्यातील बदकांचे नामांकित शिकारी फ्रेड किंबल यांचा दावाही साधारण याच काळातला. त्यांनी एका नळीचे तोंड अरुंद ठेवले, तेव्हा छर्रे फारच विखुरले. वैतागून अरुंद भाग कातून काढायला घेतला, आणि तो थोडासा शिल्लक असताना नळी एकाएकी अतिशय दाट मारा करू लागली, अशी ही हकीकत आहे. तिचा आधार मुख्यतः उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणी हा असल्याने कालनिश्चितीसाठी ती जपूनच वापरावी लागते. तांत्रिक दृष्ट्या मात्र ती पटते : प्रमाणाबाहेर अरुंद चोक छर्‍यांचा पसारा (लक्ष्यावरील फैलाव) बिघडवतो, हे आजच्या चाचण्यांतही दिसते.

बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांना चोकची पहिली कल्पना १८७४ च्या आरंभी एका गिर्‍हाइकाच्या पत्रातील सूचनांवरून मिळाली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. अरुंद भागाचा नेमका आकार आणि तो कातण्याची हत्यारे त्यांनी बसवली. १८७५ मध्ये ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने लंडनमध्ये घेतलेल्या चाचण्यांत त्यांच्या चोकच्या बंदुका सरस ठरल्या आणि सरळ (बिनचोकच्या) नळीच्या पुरस्कर्त्यांचा विरोध हळूहळू मावळला. कागदोपत्री अग्रमान पेप यांच्याकडे जातो, सुट्या चोकचा रोपर यांच्याकडे. परंतु प्रत्येक नळीतून सारखा परिणाम हमखास मिळवण्याची रीत ग्रीनर यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हव्या तेव्हा बदलता येणारे, आट्यांचे चोक कारखान्यातूनच बंदुकीबरोबर मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मापन : नळीचा मूळ व्यास व तोंडाचा व्यास यांतील फरक हे चोकचे माप. १२ बोअरच्या नळीचा व्यास सु. ०·७२९ इंच (१८·५ मिमी.) असतो; तीत ०·०१० इंच फरक असल्यास इंप्रूव्हड सिलिंडर, ०·०२० असल्यास मॉडिफाइड व ०·०३५ ते ०·०४० असल्यास फुल चोक म्हणतात. ४० यार्डांवर (३६·६ मी.) ३० इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोकने सु. ७० टक्के, मॉडिफाइडने ६० व इंप्रूव्हड सिलिंडरने ५० टक्के छर्रे पडावेत, असा जुना संकेत आहे. हे आकडे शिशाच्या छर्‍यांवरून ठरलेले आहेत. नळी लहान झाली की त्याच नावाच्या चोकचे मापही लहान होते : २० बोअरमध्ये (०·६१५ इंच) फुल चोक सु. ०·०२५ इंचांचा, तर ०·४१० मध्ये साधारण ०·०१५ ते ०·०२० इंचांचा असतो. बोअरचा आकडा म्हणजे नळीत नेमक्या बसणार्‍या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात भरतात ती संख्या. ०·४१० हा मात्र प्रत्यक्ष इंचातील व्यास आहे. त्या हिशेबाने ही बंदूक सु. ६८ बोअरची ठरते.

लहान बोअरची अडचण : बार होताच मागच्या छर्‍यांवर पुढच्यांचा भार येतो आणि मऊ शिसे चेपते, कडेचे छर्रे नळीला घासून चपटे होतात. असे बेढब छर्रे झोतातून बाजूला पडतात. नळी जितकी अरुंद, तितका छर्‍यांचा थर उंच आणि चेपणार्‍या छर्‍यांचे प्रमाण जास्त. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या प्लॅस्टिकच्या पेल्याने (काडतुसात छर्रे यात बसतात) नळीशी होणारे घर्षण कमी केले, पण मूळ अडचण राहिली. त्यात काडतुसात माल कमी. म्हणून टर्कीसाठी १२ बोअरच हवी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता आणि शिशापुरता तो बरोबरच होता.

रानटर्की (मेलिआग्रिस गॅलोपावो) हा थोराड पक्षी आहे. पूर्वेकडील उपजातीचा प्रौढ नर ८ ते ११ किग्रॅ. भरतो. दाट पिसे व छातीचे जाड स्नायू यांमुळे अंगावर मारलेले छर्रे पुष्कळदा पक्ष्याला केवळ जखमी करतात. वसंतातील शिकारीत शिकारी झाडाला टेकून मादीचा आवाज काढतो, नराला जवळ बोलावतो आणि डोके व मान यांवरच नेम धरतो. लक्ष्य मुठीएवढे असल्यामुळे पसार्‍याचा गाभा दाट हवा आणि प्रत्येक छर्‍यात हाड भेदण्याची ताकद हवी. जखमी होऊन झुडपात मरणारा पक्षी ही या शिकारीतील सर्वांत अक्षम्य गोष्ट आहे; चोक-काडतुसाची सगळी खटपट ती टाळण्यासाठीच असते.

टंगस्टनचे छर्रे : हे चित्र टंगस्टनच्या जड मिश्रधातूच्या छर्‍यांनी बदलले. त्यांना टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) म्हणतात. छर्‍याच्या शिशाची घनता सु. ११·१ ग्रॅ./घसेमी., बिस्मथ-मिश्रधातूची ९·६ व पोलादाची ७·८ असते; टीएसएसची १८ च्या आसपास. हौशी लोक ही काडतुसे आधीपासून घरी भरत होते. फेडरल कंपनीने २०१८ मध्ये ती बाजारात आणल्यावर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

छर्‍याची वेग टिकवण्याची व भेदण्याची क्षमता ढोबळमानाने घनता गुणिले व्यास या गुणाकारावर अवलंबून असते. नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान. ४ नंबरच्या शिशाच्या छर्‍याचा व्यास ३·३० मिमी., म्हणजे गुणाकार ३६·६. ९ नंबरच्या टीएसएस छर्‍याचा व्यास २·०३ मिमी., गुणाकार ३६·५. भेदनशक्ती जवळपास सारखी, पण एका औंसात शिशाचे सु. १३५ छर्रे मावतात, तर टीएसएसचे सु. ३६०. तीन इंची ०·४१० काडतुसात शिसे ११/१६ औंस, म्हणजे ४ नंबरचे जेमतेम ९३ छर्रे. टीएसएस १३/१६ औंस, म्हणजे ९ नंबरचे सु. २९०. बारा बोअरच्या दोन औंसी काडतुसात ४ नंबरचे शिसे सु. २७० छर्रे देते. सर्वांत लहान बोअरची बंदूक यामुळे जुन्या १२ बोअरच्या बरोबरीला आली. ती हलकी असते आणि खांद्याला कमी धक्का देते, म्हणून मुलांना, वृद्धांना व डोंगर चढून जाणार्‍यांना हा लाभ मोठा आहे.

निवड : टीएसएस छर्रे अतिशय कठीण असल्याने चेपत नाहीत, त्यामुळे तो झोत मुळातच कमी फाकतो आणि त्याला टोकाचा अरुंद चोक लागतोच असे नाही. टर्कीसाठी विकले जाणारे २० बोअरचे चोक बहुधा ०·५५५ ते ०·५८० इंच तोंडाचे असतात. यांतील सर्वांत अरुंद तोच उत्तम, हा ग्रह सोडावा. काही नळ्यांत तो पसारा ठिगळासारखा करतो. आणि १५ यार्डांवर इतका घट्ट मारा होतो की नेम थोडा हलला तरी पक्षी पूर्ण हुकतो. चोकवरील नावापेक्षा तोंडाचे प्रत्यक्ष माप पाहावे, कारण ‘फुल’ या शब्दाखाली निरनिराळे कारखाने निरनिराळी मापे देतात. चोक टंगस्टनसाठी बनवलेला आहे याची खात्री करावी. एरवी कठीण छर्‍यांनी चोक किंवा नळी दुखावू शकते. काडतूस आधी ठरवावे, मग त्याला जुळणारा चोक शोधावा, हा क्रम सोयीचा. टर्कीची टीएसएस काडतुसे महाग असतात आणि अनेक काडतुसे अनेक चोकांतून उडवून पाहणे परवडत नाही.

जोडी जुळली की नाही, ते कागदावरच कळते. बंदूक टेकवून ४० यार्डांवर बार काढतात, सर्वांत दाट भागाभोवती दहा इंची वर्तुळ काढून छर्रे मोजतात. शंभर छर्रे ही प्रचलित कसोटी आहे. ज्या अंतरापलीकडे ती पुरी होत नाही, ते त्या बंदुकीच्या मार्‍याची हद्द. पसारा नेमाच्या बिंदूभोवतीच पडतो का, हेही याच वेळी पाहावे. लहान बोअरच्या पुष्कळ बंदुका बाजूला किंवा खाली मारतात आणि घट्ट पसार्‍यात चार इंचांची तफावतही महागात पडते. नेम जुळवण्याचे सुरुवातीचे बार स्वस्त काडतुसांनी काढावेत. दाटपणा मात्र शिकारीत वापरायच्या काडतुसानेच तपासावा.

जुन्या ०·४१० बंदुकांची काडतूसखोली अडीच इंची असू शकते. तीत तीन इंची काडतूस घालू नये. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेल्यास पुढे सरकून अडकते आणि मागून १२ चे उडवल्यास नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

कायदे : ते अमेरिकेत राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत २० पेक्षा लहान बोअरला मनाई होती; अलीकडे अनेकांनी ती उठवली. छर्‍याच्या किमान आकाराचे जुने नियम ९ नंबरच्या आड येतात, तेव्हा चालू वर्षाचे नियम पाहणे आवश्यक असते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाला बंदी आहे.

भारतात रानटर्की नाही आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. महाराष्ट्रात छर्‍याची बंदूक मुख्यतः १२ बोअरची किंवा ठासणीची असते व कोकणात ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगली जाते. दुनळी बंदुकीत सामान्यतः एका नळीला मॉडिफाइड व दुसरीला फुल चोक असतो.