दोन पीसी असूनही पिक्सेल का फुटतात?

खेळणाऱ्याच्या स्क्रीनवर गवताचं पातं न् पातं दिसतं, आणि त्याच क्षणी तोच गेम इंटरनेटवर थेट, म्हणजे स्ट्रीमवर, पाहणाऱ्यांना मात्र हिरव्या चौकोनांचा चिखल दिसतो. यावरचा नावाजलेला आणि महागडा उपाय म्हणजे गेमसाठी एक पीसी आणि स्ट्रीमसाठी दुसरा. दुसरा पीसी येतो, मधे गेमचं चित्र त्याच्याकडे नेणारं कॅप्चर कार्ड बसतं, आणि पुष्कळदा पिक्सेल फुटायचे ते फुटतातच. दुसरा पीसी नेमकं काय देतो, हे कळलं की यातला बराच खर्च आणि मनस्ताप वाचतो.

आधी हिशोब मांडू. १०८०पी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला जवळपास ३ अब्ज बिट होतात. ट्विच या स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळावर आपण साधारण ६००० केबीपीएसने पाठवतो, म्हणजे सेकंदाला ६० लाख बिट. मूळ माहितीचा हा पाचशेवा हिस्सा झाला. एका ठिपक्याच्या वाट्याला एका बिटाचा जेमतेम विसावा भाग येतो. एवढ्यात चित्र ओळखू येतं, हेच मला विलक्षण वाटतं.

ही करामत एन्कोडरची, म्हणजे चित्र दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेची. २००३ साली प्रमाणित झालेलं एच.२६४ हे तंत्र चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासारखा भाग आधीच्या फ्रेममध्ये शोधतं. सापडला, तर तो किती सरकला एवढंच नोंदवतं. उरलेला फरक कमी-अधिक बारीक लहरींची बेरीज म्हणून मांडला जातो, आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी आधी गाळल्या जातात. या मांडणीमागचं गणित, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं. अहमद मूळचे बेंगळुरूचे. त्याच गणिताचं पूर्णांकांत बसवलेलं रूप एच.२६४ वापरतं.

आता वाऱ्यावर हलणारं गवत, पाऊस, धूर डोळ्यांसमोर आणा. आधीच्या फ्रेममध्ये तसाच चौकोन सापडतच नाही. फरक मोठा, बिट तेवढेच. मग एन्कोडर बारीक लहरींबरोबर जाड लहरीही टाकून देतो, आणि शेवटी चौकोनाचा सरासरी रंग तेवढा उरतो. आपण ज्याला पिक्सेल फुटणं म्हणतो ते हेच.

दुसऱ्या पीसीचा संबंध येतो तो या शोधाशोधीशी. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेममागे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात एन्कोडर किती कसून शोधतो, त्यावर त्याच बिटांमधलं चित्र ठरतं. एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडर सॉफ्टवेअरमधले ‘व्हेरीफास्ट’, ‘फास्ट’, ‘मीडियम’ हे प्रीसेट म्हणजे या कसून शोधण्याच्याच पायऱ्या. गेम आणि स्ट्रीम एकाच प्रोसेसरवर असले की ‘व्हेरीफास्ट’वर भागवावं लागतं, वेगळ्या पीसीवर ‘मीडियम’ परवडतं. दुसरा पीसी एन्कोडरला शोधायची ताकद देतो, जास्तीचा एकही बिट देत नाही. शिवाय २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून एनव्हिडियाच्या कार्डांमधला एनव्हेंक हा स्वतंत्र एन्कोडर ‘मीडियम’च्या आसपासचं काम गेमवर फारसा भार न टाकता करतो. त्यामुळे असं कार्ड जवळ असेल, तर निव्वळ चित्रासाठी दुसरा पीसी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. 

ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी बिटरेटला (दर सेकंदाच्या बिटांच्या आकड्याला) हात लावण्याआधी एक चाचणी करावी. स्ट्रीमिंग पीसीवर ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भरपूर बिटरेटने, समजा ५० हजार केबीपीएसने, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं. तेही खराब दिसलं तर दोष एन्कोडरच्या अलीकडे आहे, म्हणजे दोन पीसींच्या मधल्या वाटेवर.

त्या वाटेवर मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो तो यूएसबी पोर्ट. १०८०पी ६० चं न दाबलेलं चित्र एनव्ही१२ स्वरूपात सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट घेतं, वायूवाय२ या दुसऱ्या स्वरूपात २ गिगाबिट. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. मग कार्ड चित्राचं आधी स्वतःच एमजेपेग करून टाकतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम फोटोसारखी वेगळी दाबतं, आणि ओबीएस त्या दाबलेल्या चित्रावर पुन्हा एच.२६४ चालवतं. पहिल्या दाबणीत उमटलेले डाग दुसरा एन्कोडर खरे तपशील समजून जपू पाहतो, त्यातही बिट खर्ची पडतात. कार्ड यूएसबी ३.० चं असेल तर ते तशाच पोर्टमध्ये लावा आणि ओबीएसमध्ये स्वरूप एनव्ही१२ निवडा. स्वस्तातली बरीच कार्डं मुळात यूएसबी २.० चीच असतात. तिथे सेटिंग बदलून काही साधत नाही.

चित्र स्वच्छ आहे पण अडखळतंय, असं असेल तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० हर्ट्झच्या कार्डाशी क्लोन केला, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र पाठवलं, की १४४ भागिले ६० म्हणजे २.४ येतात. पूर्ण फ्रेम काही २.४ निवडता येत नाहीत, म्हणून कधी दोन फ्रेमनंतर तर कधी तीन फ्रेमनंतरची उचलली जाते, आणि सरळ जाणारी गाडीही हिसके देते. मॉनिटर १२० हर्ट्झवर आणला की भागाकार पूर्ण बसतो आणि हे हिसके बरेच कमी होतात.

रंग धुतल्यासारखे फिके, किंवा सावल्या काळ्याठिक्कर? टीव्हीच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकात ० आणि २५५ वर. एका पीसीच्या टोकाला ‘फुल’ (० ते २५५) आणि दुसऱ्या टोकाला ‘लिमिटेड’ (१६ ते २३५) असेल तर हे होणारच. दोन्ही टोकं सारखी करा. गेममध्ये एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त मोठी पट्टी दाखवणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करून पाहा.

रेकॉर्डिंग स्वच्छ आणि स्ट्रीम फुटका, तर मग बिटांचीच टंचाई. त्याच ६००० केबीपीएसमध्ये ७२०पी ६० पाठवलं तर प्रत्येक ठिपक्याला १०८०पी च्या सव्वादोन पट बिट मिळतात. आकडा लहान म्हणून स्ट्रीमर नाराज होतात, पण गवताळ, वेगवान गेममध्ये नितळ ७२०पी हे फुटक्या १०८०पी पेक्षा पाहणाऱ्याला कितीतरी सुखाचं असतं. गेममधला फिल्म ग्रेन बंद करा: तो दर फ्रेमला बदलणारा यादृच्छिक गोंगाट आहे, आणि असा गोंगाट दाबणं कुठल्याही एन्कोडरला अवघडच. गवताची घनता कमी केल्यानेही फरक पडतो.

राहिलं नेटवर्क. ओबीएसच्या ‘स्टॅट्स’मध्ये तीन वेगळे आकडे दिसतात: रेंडरिंगमुळे (चित्र रचताना) हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंगमुळे वगळलेल्या आणि नेटवर्कमुळे गळालेल्या. पहिला वाढला तर स्ट्रीमिंग पीसीच्या ग्राफिक्स कार्डावरचा भार कमी करा, दुसरा वाढला तर प्रीसेट एक पायरी हलका करा. तिसरा वाढत असेल तर वाय-फाय सोडून केबल जोडा, आणि बिटरेट मोजलेल्या अपलोड वेगाच्या पाऊणपटीच्या आत आणा.